आत्याचा गेंडा आणि अठरा वजनं

माझ्या आत्याला माणूस दिसला की आधी त्याचं वजन दिसतं. चेहरा, कपडे, नातं वगैरे सगळं त्यानंतर. पाहुणे अजून दारात चपला काढत असतात आणि ही स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी कुजबुजते, "एकोणऐंशी. गेल्या खेपेला चौऱ्याहत्तर होता." तीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करण्यात आणि तपासण्यात गेली, त्याचा हा परिणाम. किराणा दुकानातला काटा, पोस्टातला काटा, प्रसूतिगृहात तान्ह्या बाळाला ठेवतात तो काटा, भंगाराच्या वखारीत अख्खा ट्रक चढतो तो भुईकाटा. काटा कुठलाही असो, त्याचं डोकं फिरलं की आत्याला बोलावणं येतं. सगळे तिला मापवाल्या बाई म्हणतात. उंची चार फूट दहा इंच, पण आवाज सहा फुटी.

मी तिची भाची. कॉलेजसाठी म्हणून तिच्याकडे राहायला आले, नंतर शाळेत गणित शिकवायला लागले आणि तिथेच राहिले. तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, आणि त्याच इमारतीत खाली रस्त्याच्या अंगाला तिचा गाळा. गाळ्याच्या किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे आणि एक माझ्याकडे. आत्याने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "मापात बसणारा भेटला नाही." हा विनोद ती पंचवीस वर्षं करतेय, आणि दर वेळी पहिल्यांदा केल्यासारखी हसते.

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तिने ती गाडी घेतली. सात माणसांची, बोनेट माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच. तोवर तिच्याकडे एक जुनी बुटकी व्हॅन होती. एके दिवशी आत्या त्या व्हॅनमध्ये बसली, तिचे गुडघे धरले आणि ती उठेचना, शेवटी मी आणि समोरच्या इस्त्रीवाल्याने तिला ओढून बाहेर काढलं. चारचौघांत झालेली ही शोभा तिला सहन झाली नाही. महिनाभरात आम्ही शोरूममध्ये होतो.

विक्रेता बिचारा छतातली काच उघडून दाखवत होता, गाणी किती बाजूंनी वाजतात ते सांगत होता. आत्याने पर्समधून टेप काढली आणि विचारलं, "हिचं वजन किती?" त्याला सांगता येईना. तीन माणसं बदलली तेव्हा कुठे आकडा मिळाला. दोन हजार एकशे पन्नास किलो. मग तिने लांबी मोजली, रुंदी मोजली, आरशांसकट मोजली. आमच्या फाटकाची रुंदी तिच्या वहीत आधीच होती. मागची डिकी जमिनीपासून किती उंच आहे, नेमकं तेवढंच मोजायचं राहून गेलं.

इमारतीत त्या गाडीला दुसऱ्याच दिवशी नाव पडलं. गेंडा. लहान मुलांनी पाडलं असेल असं मला वाटत होतं, पण नंतर कळलं की सेक्रेटरींनीच पाडलं.

आता मोठी गाडी घेणाऱ्याने माझ्याकडून ऐकावं, कारण आमच्या घरात या विषयावर जेवताना रोज वाद व्हायचा. पहिली गोष्ट म्हणजे आत्याचे गुडघे सुखी झाले. वाकावं लागत नाही, पायरीवर पाय ठेवायचा आणि सरळ आत. दगडखाणीच्या काट्यापर्यंत जाणारा रस्ता म्हणजे नुसते खड्डे, तिथून व्हॅन परत येताना काहीतरी सांडूनच यायची. गेंडा डोलत जायचा आणि डोलत यायचा. हमरस्त्यावर जे ट्रकवाले व्हॅनला कचऱ्यासारखे बाजूला ढकलायचे ते आता वाट द्यायला लागले. आत्या उशी घेऊन बसायची, बाहेरून फक्त तिचे केस आणि चष्मा दिसायचा, त्यामुळे गाडी आपली आपणच चाललीय असं वाटून लोक अधिकच लवकर बाजूला व्हायचे. लांबच्या प्रवासाला अख्खं कुटुंब एका गाडीत मावायचं. हा फायदा की तोटा यावर मात्र आमचं एकमत झालं नाही.

तोटे विचाराल तर पेट्रोल पंपावरचा माणूस तिला ओळखून हसायला लागला. बाजारातल्या गल्लीत एकदा वळण घेताना समोरून पाववाला आला, आणि दोघांपैकी कुणीही मागे जाईना म्हणून अर्धा तास अख्खी गल्ली अडली. नाटकगृहाच्या तळघरात गाडी शिरेना, म्हणून आम्ही ती एवढी लांब लावली की पहिला अंक संपल्यावर पोचलो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोनेटसमोर काय आहे ते तिला दिसायचं नाही. गाडी सुरू करण्याआधी ती उतरून पुढे एक चक्कर मारायची, मग पुन्हा चढायची. मी म्हणायचे, "एवढं करण्यापेक्षा छोटी गाडी घे की." ती म्हणायची, "तू एवढं बोलण्यापेक्षा पुढे उभी राहा की."

आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात गाड्या ठेवायला लोखंडी लिफ्ट आहेत. एकावर एक दोन गाड्या, वरची फळी तेलाच्या दाबाने वर जाते. उंच गाडी खाली मावत नाही, म्हणून गेंडा वर आणि त्याखाली शेजारच्या चष्मेवाल्यांची छोटी लाल गाडी. लिफ्टवर पाटी आहे, कमाल भार बावीसशे किलो. आत्याने गाडी घेण्याआधी पाटी वाचली होती आणि सेक्रेटरींना ठणकावून सांगितलं होतं, "एकवीसशे पन्नास. वर पन्नास शिल्लक." मापवाल्या बाईंनी आकडा सांगितल्यावर कोण काय बोलणार? सेक्रेटरींनी मान डोलावली.

आता डिकीकडे येते. आत्याच्या कामाची सगळी भिस्त अठरा बिडाच्या वजनांवर असते. प्रत्येक वीस किलोचं, वर धरायला कडी. काटा तपासायचा म्हणजे त्यावर ही वजनं एकेक करून ठेवायची आणि आकडा बरोबर चढतो का बघायचं. व्हॅन होती तेव्हा संध्याकाळी वजनं उतरवून गाळ्यात ठेवायची आणि सकाळी पुन्हा भरायची, हा तिचा नेम. व्हॅनची डिकी होती गुडघ्याएवढी. गेंड्याची निघाली तिच्या छातीएवढी. पहिल्या आठवड्यात तिची कंबर धरली. त्यानंतर वजनं गाडीतच राहायला लागली. जिथे काम असेल तिथे तिथलीच धडधाकट माणसं उतरवायची आणि तीच चढवायची.

यात काही चुकतंय हे आम्हा दोघींच्या कधी मनातही आलं नाही. ती वजनं तिच्या लेखी ओझं नव्हतीच. ती मापं होती. दुसऱ्याला मोजायला असतात, त्यांना कोण मोजतं?

पाच महिने गेंडा वर चढत राहिला. मग एका गुरुवारी संध्याकाळी चष्मेवाले आपली लाल गाडी लावून, दार बंद करून दोन पावलं चालले असतील, तोच वरची फळी कण्हल्यासारखा आवाज करत खाली आली आणि लाल गाडीच्या टपावर टेकली. टप मधोमध दबला. चष्मेवाले अतिशय सभ्य गृहस्थ. ते वळले, बघितलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अरेच्चा."

लिफ्टवाला अर्ध्या तासात आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, अकरा वर्षं आमच्या लिफ्टची देखभाल करणारा. त्याने जॅक लावून फळी उचलली, गेंडा उतरवून रस्त्यावर आणला आणि तेल गळत होतं तिथे हात लावून म्हणाला, "तेल अडवणारं सील फाटलंय. दोन महिन्यांपूर्वीच नवीन टाकलं होतं मी. एवढ्यात फाटायला नको."

"मग फाटलं कसं?" सेक्रेटरी गरजले.

"भार जास्त झाला असेल तर."

झालं. आत्या कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "भाराचं मला सांगू नका, लिफ्टवाले. गाडी एकवीसशे पन्नास, पाटी बावीसशे. तीस वर्षं हाच धंदा करतेय मी. दोष लिफ्टचा आहे."

तो हात पुसत फळीकडे वळला. अंगणात जमलेल्यांपैकी कुणालाच दुसरा काही विचार करायचं कारण उरलं नाही. रविवारी सकाळी दहाला बैठक ठरली. विषय एकच, लिफ्टवाल्याला काढून दुसरा माणूस नेमणे. जाता जाता सेक्रेटरी म्हणाले की बाजूच्या दोन इमारतीही आपलं बघूनच ठरवतील. म्हणजे त्याचं सगळंच काम जाणार होतं.

शनिवारी आत्याने मला गाडीतून छत्री आणायला पाठवलं. मी डिकी उघडली. लाकडी खोक्यांत नऊ आणि नऊ, दोन ओळींत वजनं बसलेली. मी गणिताची शिक्षिका आहे, गुणाकार करायला मला वेळ लागत नाही. तीनशे साठ. एकवीसशे पन्नास अधिक तीनशे साठ. छत्री न घेताच मी डिकी लावली.

वर जाऊन तिला सांगायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं. पण ती गॅलरीत बसून एका दुकानदाराला फोनवर झापत होती, "काट्याला दोष देऊ नका, आधी स्वतःचा हात बघा," आणि ते ऐकून माझी जीभ उचलेना. गावातल्या प्रत्येक दुकानात तिचा शब्द चालतो, कारण तो कधी चुकत नाही. मापवाल्या बाईंना स्वतःच्या गाडीचं वजन कळलं नाही, ही गंमत लोकांनी वर्षभर चघळली असती. माझं तिच्यावर फार प्रेम आहे, आणि चारचौघांत तिची मान खाली गेलेली मला बघवली नसती. लिफ्टवाल्याचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि बाजूला सारला.

रविवारी सकाळी सहाला, आत्या झोपलेली असताना मी गाडीची किल्ली घेतली. गाळ्यातली ढकलगाडी आणली आणि एका खेपेला तीन, अशी अठराही वजनं गाळ्यात नेऊन ताडपत्रीखाली ठेवली. रविवारी आत्या गाळा उघडत नाही. आंघोळ करून मी शहाण्यासारखा चहा केला आणि तिला उठवलं.

बैठक अंगणातच भरली. सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन आलेले. सेक्रेटरींनी ठराव वाचला. लिफ्टवाल्याला विचारलं, काही म्हणायचंय का?

तो उभा राहिला. "एकच म्हणायचंय. गाडी एकदा काट्यावर न्या. आकडा बावीसशेच्या आत आला तर मी स्वतःच जातो."

"एकदा कशाला, दहादा नेऊ," आत्या म्हणाली. "आत्ताच चला. वखारीतला भुईकाटा मी गेल्याच महिन्यात तपासलाय."

गेंड्यात आम्ही पाच जण बसलो. आत्या चालवत होती, शेजारी सेक्रेटरी, मागे चष्मेवाले, लिफ्टवाला आणि मी. वळणावरच्या गतिरोधकावर गाडीचा मागचा भाग टुणकन उडाला. आत्याने आरशात बघितलं. "आज मागून मोकळी का वाटतेय ही?" ती पुटपुटली. मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

वखारीत गाडी काट्यावर उभी करून सगळे उतरलो. लाल आकडे थोडे नाचले आणि थांबले. दोन हजार एकशे साठ.

"चला, निकाल लागला," सेक्रेटरी म्हणाले. चष्मेवाल्यांनी लिफ्टवाल्याकडे बघून हळहळल्यासारखं तोंड केलं. लिफ्टवाला आकड्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, दयेची भीक मागतोय. मी खाली बघितलं.

आत्याला खरं तर आनंद व्हायला हवा होता. ती तशीच उभी होती, ओठ मुडपून. काटा बरोबर असताना आणि आकडा हवा तोच असताना ती अशी उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. मग ती गाडीच्या मागे गेली आणि तिने डिकी उघडली.

आत काहीच नव्हतं. रिकामी खोकी.

तिच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला मला दिसत होता, आणि तो कुठे पोचला तेही दिसलं. तिचा चेहरा एकदम उतरला. दोन किल्ल्या असलेल्या गाळ्याचं कोडं सोडवायला तिला वेळ लागायचं कारण नव्हतं. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं.

"हा आकडा धरू नका," ती सेक्रेटरींना म्हणाली. आवाज तोच, सहा फुटी. "गुरुवारी या गाडीत माझी अठरा वजनं होती. तीनशे साठ किलो. गेले पाच महिने रोज होती. मी ती मोजलीच नव्हती."

"पण आता ती गेली कुठे?" सेक्रेटरी चक्रावले.

"माझी वजनं आहेत, माझ्या गाळ्यात आहेत. बाकी माझ्या घरातलं मी बघेन. चला परत."

परत इमारतीपाशी. तिने गाळा उघडला, ताडपत्री बाजूला केली आणि मला एवढंच म्हणाली, "भर." चष्मेवाले बाह्या सरसावून पुढे आले, लिफ्टवालाही आला. तिने दोघांना हातानेच थांबवलं. सकाळी मी वजनं खाली उतरवली होती, आता ती छातीएवढ्या डिकीत चढवायची होती. सातव्या वजनाला माझ्या बोटांची सालं निघाली. बाराव्याला मी रडत होते. आत्या शेजारी उभी राहून मोजत होती. आकडे मोजताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. अठरा झाली तेव्हा तिने पर्समधून रुमाल काढून मला दिला आणि गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्यांदा काटा थांबला तो दोन हजार पाचशे वीसवर.

"लिहून घ्या," आत्या सेक्रेटरींना म्हणाली. मग लिफ्टवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. तो चांगला उंच, तिला मान वर करावी लागली. "गुरुवारी मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. चूक माझी होती. रोज तीनशे वीस किलो जास्त उचलत होती ती लिफ्ट, पाच महिने. तुमच्या हाताची नसती तर पहिल्याच आठवड्यात कोसळली असती. माफ करा मला." मग चष्मेवाल्यांकडे वळून, "तुमचा टप माझ्याकडे लागला. आणि गेंडा आजपासून या वखारीत राहील, मी चालत येईन. वीस मिनिटं तर आहेत. माझं वजनही जरा उतरेल."

ती हसली. तेच हसू, पहिल्यांदा विनोद केल्यासारखं. मला वाटलं होतं की तिची मान खाली जाईल. ती गेली नाही. सेक्रेटरी कागद घडी करत म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं कुणी नाही," आणि ते मनापासून म्हणाले.

परतीच्या वाटेला बाकीचे बसने गेले, आम्ही दोघी चालत निघालो.

"रागावलीस?" मी विचारलं.

"रागावलेय. पण त्याहून जास्त घाबरलेय." ती थांबली. "तू वजनं काढली नसतीस तर मी आज तोंडघशी पडले असते. पडले असते आणि उठलेही असते. पण तू काढलीस, आणि मी डिकी उघडली नसती तर एका माणसाचं काम गेलं असतं, आणि आपण बरोबर होतो असं समजून मी आयुष्यभर मिरवत राहिले असते. माझ्यावर प्रेम म्हणून हे केलंस ना? असलं प्रेम मला नको."

फाटकापाशी आल्यावर ती जिन्याकडे गेली. मी अंगणात गेले.

लिफ्टवाला फळीखाली बसून नवं सील बसवत होता. मी म्हटलं, "वजनं मी काढली होती."

"माहितेय, ताई," तो म्हणाला. "सकाळी मी इथेच होतो, बैठकीच्या आधी पाइप तपासायला आलो होतो. फाटकातून रस्त्यावरचं सगळं दिसत होतं. सहा खेपा केल्यात तुम्ही."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? म्हणाले असते, काम वाचवायला बाईंच्या भाचीवर आळ घेतोय. म्हणून म्हटलं, काट्यावर न्या." त्याने पाना फिरवायचा थांबवला. "वाटलं, तिथे आकडा दिसल्यावर तुम्ही बोलाल."

एवढं सांगून तो पुन्हा फळीखाली सरकला. त्याचे फक्त बूट बाहेर दिसत होते. त्यांच्याकडे बघतच मी त्याची माफी मागितली.